लघवीच्या पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ आलं, पुढं काय? (सांगली-साताऱ्यातले डॉक्टर, लॅबवाले, औषधवाले, सगळ्यांना प्रश्न)

कृष्णाकाठचा_डॉक्टर
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात माझी जनरल प्रॅक्टिस आहे. धागा काढायला कारण असं झालं: पंचविशीतला एक पोरगा, फुप्फुसाच्या टीबीची औषधं चालू, थुंकी आता निगेटिव्ह. एका कारखान्यात कामाला लागायचं म्हणून मेडिकलला गेला. तिथं लघवीची पाच ड्रग्जची पट्टी केली आणि ‘ओपिएट (अफूपासून बनणारे मॉर्फीन, कोडीन, हेरॉइनसारखे पदार्थ) पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाप त्याला दंडाला धरून माझ्याकडं घेऊन आला, “डॉक्टर, ह्याला व्यसनमुक्तीत कुठं टाकायचा ते सांगा.” पोरगा खाली मान घालून बसलेला. एकटा असताना विचारलं तर म्हणाला, “तंबाखू खातो, बाकी काही नाही.” अंगावर सुईच्या खुणा नाहीत, बाहुल्या व्यवस्थित, नाडी-बीपी ठीक.

माझा संशय रिफाम्पिसिनवर, म्हणजे त्याच्या टीबीच्याच एका औषधावर आहे. पण हा एक पेशंट सोडला तरी प्रश्न उरतोच. आता ह्या पट्ट्या ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. कंपन्या करतात, अकादम्या करतात, आईबाप घरी करतात, आणि दोन रेघांचा अर्थ लावायला पेशंट आपल्यासमोर येऊन बसतो. तुम्ही ही तपासणी कधी करता? आलेला रिझल्ट कसा वाचता? पुढची खात्रीची तपासणी कधी मागवता? अनुभव लिहा. माझं मत आधीच सांगतो: नुसत्या पट्टीवर कुणाला व्यसनी ठरवणं मला मान्य नाही.

मिरजेचा_लॅबवाला
डॉक्टरसाहेब, चांगला विषय काढलात. माझं रोजचं काम हेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पट्टी उलटी वाचायची असते आणि निम्मे घोळ इथंच होतात. प्रेग्नन्सीच्या पट्टीत दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. ड्रगच्या पट्टीत टी (टेस्ट) जवळ रेघ आली की निगेटिव्ह, रेघ नाही आली तर पॉझिटिव्ह. सी (कंट्रोल) ची रेघ आलीच नाही तर पट्टी बाद. आणि टी ची रेघ फिकट आली तरी ती रेघच! फिकट म्हणजे ‘थोडा पॉझिटिव्ह’ असा प्रकार नाही, तो निगेटिव्हच. ‘वीक पॉझिटिव्ह’ असं लिहिलेले रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत आणि त्यामुळं पोरांची वाट लागलेली पाहिली आहे.

दुसरं म्हणजे कटऑफ. पट्टी ‘आहे-नाही’ सांगत नाही, ठरावीक पातळीच्या वर की खाली एवढंच सांगते. गांजासाठी साधारण ५० नॅनोग्रॅम प्रति मिली, ओपिएटसाठी काही किटांत ३०० तर काहींत २०००. म्हणजे तीच लघवी एका किटवर पॉझिटिव्ह आणि दुसऱ्यावर निगेटिव्ह येऊ शकते, आणि दोन्ही किट आपापल्या जागी बरोबर. त्या पोराच्या रिपोर्टवर कटऑफ लिहिलाय का?

तिसरं रिफाम्पिसिनबद्दल. काही इम्युनोअॅसे पद्धतींत, विशेषतः मशीनवरच्या, रिफाम्पिसिनमुळं ओपिएट खोटं पॉझिटिव्ह आल्याची नोंद आहे. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ह्या अँटिबायोटिकमुळंही येतं. पण प्रत्येक किटवर येतंच असं नाही, त्या किटचं माहितीपत्रक बघावं लागतं. तेव्हा रिफाम्पिसिनवर शिक्कामोर्तब करायची घाई नको. नमुना उरला असेल तर एलसी-एमएसला (नेमका पदार्थ कोणता ते ओळखणारी खात्रीची तपासणी) पाठवा.

आटपाडीची_लेक
लॅबवाले दादा, त्या फिकट रेघेबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमका हाच घोळ झाला होता आणि घरात दोन आठवडे कुणी धड बोलत नव्हतं.

औषधी_काका
विट्यात माझं मेडिकल आहे. डॉक्टर, एक साधा प्रश्न: पोरगा टीबीचा म्हणजे खोकला असणार. खोकल्याचं कुठलं औषध घेत होता ते विचारलं का? कोडीनचं सिरप असेल तर पट्टीवर रेघ येणारच नाही. कोडीनचं शरीरात काही प्रमाणात मॉर्फीन होतं. ते औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आम्ही रजिस्टरला नोंद ठेवतो. पण घरात कुणाची तरी अर्धी बाटली उरलेली असते, आणि “ह्यानं मला लगेच गुण आला” म्हणत ती अख्ख्या भावकीत फिरते.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
काका, खोकल्याचं औषध मी लिहून दिलेलं नाही, आणि “दुसरं काही घेतो का” ह्यावर तो नाही म्हणाला. पण आईला विचारायला हवं. उद्या बोलावतो.

सेफ्टी_कुपवाड
मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो. बॉयलर, फोर्कलिफ्ट, प्रेस, ह्यावर नशेतला माणूस उभा राहिला तर त्याचा हात जातो नाहीतर शेजारच्याचा जीव. अपघात झाल्यावर सगळे विचारतात, तपासणी का केली नव्हती? एलसी-एमएसचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, पैसे लागतात, आणि गेटवर सकाळी तीस माणसं उभी असतात. पट्टी हेच आमच्या हातातलं साधन आहे. एखाद्यावर अन्याय होत असेल, मान्य, पण बाकीच्यांच्या सुरक्षेचं काय?

मनोविकार_सातारा
सेफ्टीसाहेब, तुमची काळजी खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. पण पट्टी ज्याचं उत्तर देते तो तुमचा प्रश्नच नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंय, हा माणूस आत्ता मशीनवर उभा राहायच्या स्थितीत आहे का? पट्टी सांगते, गेल्या काही दिवसांत ह्याच्या शरीरात अमुक एक गेलं होतं का.

गांजा रोज ओढणाऱ्याची लघवी सोडल्यानंतरही महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकते, एखाद्या वेळी ओढणाऱ्याची तीनेक दिवस. याउलट रात्री भरपूर दारू प्यायलेला माणूस सकाळी तुमच्या पाच ड्रग्जच्या पट्टीवर स्वच्छ निघेल, कारण तीत दारू नसतेच. आणि आपल्या भागात मशीनवरच्या अपघाताला सगळ्यात जास्त कारणीभूत काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गेटवर श्वासाची दारू तपासणी करा, माणसाचं चालणं-बोलणं बघा, रात्रपाळीनंतर झोप झाली का ते विचारा. पट्टी पॉझिटिव्ह आली तर त्या दिवशी मशीनवरून बाजूला ठेवा, त्यालाही माझी हरकत नाही. पण खात्रीचा रिपोर्ट येईपर्यंत ‘व्यसनी’ शिक्का नको, आणि औषधांची यादी आधी घ्या.

सेफ्टी_कुपवाड
“मशीनवरून बाजूला, पण शिक्का नको” हे पटतंय. आमच्या फॉर्मवर औषधांचा रकानाच नाही, हे आत्ता लक्षात आलं. तो घालायला सांगतो. पण पूर्ण तपासणी बंद करा म्हणाल तर मी नाही म्हणेन.

औषधी_काका
बंद करा असं इथं कुणी म्हटलेलं नाही, साहेब. रकाना भरून घेताना मात्र “औषधं चालू आहेत का” एवढंच विचारू नका, लोक नाही म्हणतात. सर्दीचं काय घेतलं, अॅसिडिटीचं काय, झोपेचं काय, असं एकेक विचारा. स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी अॅम्फेटामिनला अडकते. अॅसिडिटीची रॅनिटिडिन, बीपीची लॅबेटॅलॉल, अॅलर्जीची प्रोमेथाझिन, ह्यांचंही नाव अॅम्फेटामिनच्याच खात्यात येतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमॅडॉल पीसीपी ह्या नशेच्या पदार्थाच्या रकान्यात गोंधळ घालतात. नैराश्याची सर्ट्रालिन बेंझोच्या (झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांचा गट). पँटोप्राझोलमुळं गांजा पॉझिटिव्ह आल्याचंही नमूद आहे, आणि पँटोप्राझोल तर आपल्याकडं घरोघरी सकाळी चहाआधी घेतात!

खसखस_आणि_गूळ
मग दिवाळीत अनारसे खाऊन मेडिकलला गेलं तर? 😀 आमच्याकडं अनारशाला खसखस अशी लावतात की खालचा अनारसा दिसत नाही. मटणाच्या वाटणातही खसखस.

मिरजेचा_लॅबवाला
ताई, हसू नका, प्रश्न अगदी रास्त आहे. खसखशीच्या दाण्यावर अफूच्या बोंडाचा चीक लागलेला असतो, त्यामुळं लघवीत खरंच मॉर्फीन उतरतं. अमेरिकेत नोकरीच्या तपासण्यांमध्ये ओपिएटचा कटऑफ १९९८ साली ३०० वरून २००० केला, त्यामागं खसखस हे मोठं कारण होतं. आपल्याकडं मात्र ३०० चे किट सर्रास विकले जातात. आणि गंमत बघा, इथं एलसी-एमएससुद्धा मॉर्फीन ‘आहे’ असंच सांगणार, कारण ते असतंच! हेरॉइन की खसखस हे बघायचं तर ६-मोनोअॅसिटिलमॉर्फीन शोधावं लागतं. ते फक्त हेरॉइनपासून येतं, पण एखाद्या दिवसातच निघून जातं. म्हणजे ते सापडलं तर हेरॉइन नक्की. नाही सापडलं म्हणून हेरॉइन नाहीच, असं म्हणता येत नाही.

खसखस धुऊन, भाजून घेतली की प्रमाण बरंच कमी होतं. शून्य होईलच असं नाही.

खसखस_आणि_गूळ
बाप रे. पुतण्या जहाजावर आहे, दर वेळी जॉइन व्हायच्या आधी त्याची लघवी तपासतात. आता त्याच्या डब्यातले अनारसे बिनखसखशीचे.

दुबईकर_जतचा
आणि आखाती देशात येताना सामानात खसखस अजिबात आणू नका. यूएई, सौदीत तिच्यावर बंदी आहे. आईनं प्रेमानं बांधून दिलेल्या मसाल्यामुळं लोक अडकलेत. चेष्टेचा विषय नाही.

पैलवान_तासगाव
आमच्या तालमीतली पोरं ह्या पट्टीला डोप टेस्ट समजतात. ते वेगळं ना?

मिरजेचा_लॅबवाला
पूर्ण वेगळं. नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) डोप टेस्ट म्हणजे ए आणि बी अशा दोन बाटल्या, सीलबंद, खेळाडूच्या समोर, आणि तपासणी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. तिथं स्टिरॉइड, लघवी वाढवणारी औषधं, उत्तेजकं, शेकडो पदार्थ शोधतात. पट्टीला स्टिरॉइड कळतच नाही. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून कुणी पैलवान निर्धास्त होऊ नये.

मनोविकार_सातारा
पैलवान, तुम्ही विषय काढलातच म्हणून कळकळीनं सांगतो. सध्या जिमच्या आणि भरतीच्या पोरांत मेफेन्टरमिनचं इंजेक्शन फार बोकाळलंय. भुलीच्या वेळी पेशंटचं बीपी पडलं तर ते वर आणायला वापरायचं औषध. पोरं ते शिरेत टोचून व्यायाम करतात. दम लागत नाही, भूक लागत नाही, मग संशय, भास, छातीत धडधड, बीपी आभाळाला. अशी पोरं ओपीडीत आईबाप आणतात ते “बाहेरची बाधा झालीय” म्हणून. शरीरात त्याचं फेन्टरमिन होतं. काही किटांवर अॅम्फेटामिन म्हणून दिसतं, काहींवर नाही. तेव्हा पट्टीवर भिस्त ठेवण्यापेक्षा दंड-कोपर उघडून बघा, बीपी मोजा, आणि सरळ विचारा. न रागावता विचारलं की पोरं सांगतात.

चिंतेत_आई_सांगली
मला इथं लिहायला धीर होत नव्हता. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. जिमला जातो, रात्र रात्र जागा असतो, वजन घटलंय, पैसे मागतो. इरळीला आणि विट्याला एमडी ड्रगचे कारखाने सापडल्याचं पेपरात वाचल्यापासून मला झोप नाही. ऑनलाइन किट मागवून, तो झोपेतून उठल्यावर बाथरूममधून नकळत नमुना घेऊन तपासलं. सगळं निगेटिव्ह आलं. यजमान म्हणतात, बघ, तू उगाच संशय घेतेस. मी आता निश्चिंत राहू का? की परत तपासू?

मिरजेचा_लॅबवाला
ताई, उत्तर जरा जड वाटेल, पण द्यायला हवं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. बाजारातल्या साध्या पाच-सहा ड्रग्जच्या पट्टीत मेफेड्रोन पकडायची सोयच नसते. अॅम्फेटामिनच्या रकान्यात ते बहुतेक वेळा दिसत नाही. २०२४ ला कवठेमहांकाळच्या इरळीत, २०२५ ला विट्याच्या कार्वे एमआयडीसीत पोलिसांनी जे पकडलं ते एमडीच. म्हणजे आपल्या दारात जे पकडलं जातंय तेच आपल्या पट्टीला दिसत नाही. निगेटिव्ह म्हणजे ‘ह्या पट्टीत जेवढं बघायची सोय आहे, तेवढं कटऑफच्या वर सापडलं नाही’, एवढंच. त्यातून नमुना पाण्यात मिसळला असेल तर तोही अर्थ राहत नाही.

मनोविकार_सातारा
ताई, परत नकळत तपासू नका. तुमच्या जागी कुठल्याही आईला तसं करावंसं वाटेल, ते मी समजतो. पण तो सज्ञान आहे, आणि त्याला हे कळलं तर तुमच्याशी बोलायचा एकमेव रस्ता बंद होईल. पट्टीत काहीही आलं तरी पुढं तुम्हाला त्याच्याशी बोलावंच लागणार आहे ना? मग बोलण्यापासूनच सुरुवात करा. “तुझं वजन घटलंय, तू झोपत नाहीस, मला भीती वाटतेय.” ड्रगचं नाव आधी काढू नका. आरोपापेक्षा काळजीचं वाक्य त्याच्या कानापर्यंत लवकर पोचेल. डॉक्टरकडं यायला तयार झाला तर तपासणी त्याच्या समोर, त्याच्या संमतीनं होईल, आणि रिझल्ट आधी त्याला सांगितला जाईल.

मी व्यसनाच्या पेशंटची लघवी तपासतो, नियमित तपासतो. पण पहिल्या भेटीतच सांगतो, ही तुला पकडायला नाही, औषधाचा डोस बरोबर आहे का, घसरण होतेय का, हे दोघांना कळावं म्हणून आहे. पॉझिटिव्ह आली तर उपचार बंद होणार नाहीत, उलट वाढतील. हे पाळलं तर पेशंट तपासणीच्या आधीच सांगतो, “डॉक्टर, परवा घेतलं.” मग पट्टी न करताही काम होतं.

कराडची_वकील
दोन मुद्दे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला गुप्ततेचा हक्क दिलाय. सज्ञान मुलाचा रिपोर्ट त्याला न विचारता मामाला, सासऱ्याला, मालकाला सांगत सुटायचं नाही. दुसरं, १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात सेवन हा गुन्हा आहे हे खरं, पण कलम ६४-अ प्रमाणं जो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येतो त्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका, हे आईबापांना सांगा.

सिव्हिलची_कॅज्युअल्टी
रात्रपाळीतून लिहितोय, थोडक्यात. बेशुद्ध पेशंट आला की नातेवाईक म्हणतात, “ड्रगची टेस्ट करा.” करतो, पण तिच्यासाठी थांबत नाही. श्वास मंद, बाहुल्या टाचणीएवढ्या, तर नॅलोक्सोन (ओपिएटवरचा उतारा) द्यायचं, पट्टी काहीही म्हणो. ट्रॅमॅडॉल, टॅपेन्टॅडॉल, फेन्टॅनिल, ब्युप्रेनॉर्फिन ह्यातलं काहीच साध्या ओपिएटच्या रेघेत येत नाही, ती मॉर्फीन-कोडीनसाठी बनवलेली आहे. उलट पट्टी पॉझिटिव्ह दिसली की सगळे तिथंच थांबतात आणि डोक्यातला रक्तस्राव, साखर कमी होणं, फवारणीचं औषध पोटात जाणं ह्याकडं दुर्लक्ष होतं. द्राक्षाच्या पट्ट्यात टाचणीएवढ्या बाहुल्या दिसल्या की आधी औषधफवारणीचं विचारा, तोंडाला-कपड्याला वास घ्या.

शेवटच्या_घटकेची_सिस्टर
सगळे ‘पॉझिटिव्ह’बद्दल लिहिताय, मी ‘निगेटिव्ह’ची गोष्ट सांगते. मी कॅन्सरच्या पेशंटची वेदनाशामक सेवा बघते, घरी जाऊन. एका आजींना मॉर्फीनच्या गोळ्या चालू होत्या. दुखणं काही कमी होईना. गोळ्या तर वेळेवर संपत होत्या. कुणीतरी सुचवलं, नातू गोळ्या विकत असेल, आजींची लघवी तपासा. तपासली, मॉर्फीन निगेटिव्ह. घरात एकच गोंधळ, नातवाला मारायला उठले.

मी आजींच्या उशाशी बसले आणि नुसतं विचारलं, गोळी कडू लागते का? तर त्यांनी पदराखालून मिश्रीची डबी काढली. त्यात सगळ्या गोळ्या साठवलेल्या. म्हणाल्या, “आत्ताच संपवल्या तर पुढं जास्त दुखंल तवा काय घेऊ?” त्यांना वाटत होतं, औषध एवढंच आहे, परत मिळणार नाही. मॉर्फीनचा परवाना, साठा, सगळं त्यांना समजेल असं सांगितलं. त्या दिवसापासून घ्यायला लागल्या आणि रात्रीच्या झोपू लागल्या. त्या लघवीच्या रिपोर्टवर नातवाला पोलिसात दिलं असतं तर?

आटपाडीची_लेक
सिस्टर, वाचताना डोळे भरले.

मनोविकार_सातारा
सिस्टरच्या गोष्टीला जोडून: क्लोनाझेपाम, बेंझो गटातलीच गोळी. हजारो लोक घेतात. साधी बेंझोची पट्टी ऑक्साझेपामच्या कुळातली संयुगं ओळखायला बनवलेली, तिला क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम नीट दिसत नाहीत. पेशंट प्रामाणिकपणे गोळी घेतोय आणि डॉक्टर म्हणतात, “तू घेत नाहीस, विकतोस.” असे दुखावलेले पेशंट मग कुठल्याच डॉक्टरकडं जात नाहीत. आणि डायझेपाम? दीर्घकाळ घेणाऱ्याची लघवी बंद केल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.

ब्युप्रेनॉर्फिनवर (ओपिएटचं व्यसन सोडवायचं औषध) असलेल्या पेशंटसाठी त्याची वेगळी पट्टी लागते. त्यातही कुणी गोळी विकून तिचा तुकडा थेट नमुन्यात बुडवतो. खात्रीच्या तपासणीत ब्युप्रेनॉर्फिन भरमसाट आणि नॉरब्युप्रेनॉर्फिन (शरीरात त्याचं जे होतं ते) जवळजवळ नाहीच असं दिसलं की समजायचं, गोळी शरीरातून गेलेलीच नाही.

विमावाला_कोरेगाव
थोडं अवांतर. सिस्टरनी मिश्रीची डबी म्हटलं म्हणून आठवलं. टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलला लघवीत कोटिनिन (तंबाखूतल्या निकोटिनचं शरीरात जे होतं ते) तपासतात. बायका फॉर्मवर ‘तंबाखू नाही’ लिहितात, कारण मिश्री म्हणजे त्यांना दात घासायचं साधन वाटतं. कोटिनिन पॉझिटिव्ह येतं आणि माहिती लपवली म्हणून हप्ता वाढतो किंवा पॉलिसी नाकारली जाते. एजंटांनो, ‘मिश्री लावता का’ असं वेगळं विचारा.

सेफ्टी_कुपवाड
लॅबवाले, पोरं लघवीत पाणी घालतात, मित्राची बाटली खिशातून आणतात. ते कसं ओळखायचं? बाथरूममध्ये माणूस उभा करणं मला स्वतःला आवडत नाही.

मिरजेचा_लॅबवाला
माणूस उभा करायची गरज बहुतेक वेळा नसते. नमुना हातात आल्यावर चार मिनिटांत तापमान बघा, ३२ ते ३८ अंश हवं, त्यासाठी तापमानपट्टी लावलेले कप मिळतात. मग क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा टाकाऊ पदार्थ), २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ पेक्षा कमी असेल तर नमुना पातळ. पण पातळ म्हणजे लबाडी असंच नाही. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये माणूस तांब्याच्या तांब्या पाणी पितो, डायबेटिसवाला, लघवीची गोळी घेणारा, सगळ्यांची पातळ येते. ‘नमुना अयोग्य, पुन्हा घ्यावा’ असं लिहायचं आणि सकाळची पहिली लघवी मागवायची. कमोडच्या पाण्यात निळा रंग टाका, नळ बंद ठेवा. बस्स. आणि त्याच वेळी नमुना दोन बाटल्यांत वाटून दोन्हीवर त्याची सही घ्या, दुसरी गोठवून ठेवा. वाद झाला तर तीच कामाला येते.

कृष्णाकाठचा_डॉक्टर
मंडळी, मूळ प्रश्नावर परत येतो, रिपोर्ट आला.

औषधी काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पोराच्या आईला बोलावलं. रात्री पोरगं खोकून बेजार होतं म्हणून तिनं चुलत्याच्या घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली आणलेली, झोपताना दोन झाकणं देत होती. पोराला ते ‘औषध’ वाटलंच नाही, आईनं दिलेलं काहीतरी एवढंच. बाटली मागवून बघितली, कोडीनचीच.

त्या मेडिकलवाल्यांकडं दुसरी बाटली ठेवलेलीच नव्हती. म्हणून मी त्याच आठवड्यात नवा नमुना घेतला होता, तेव्हा सिरप चालूच होतं. एलसी-एमएसमध्ये कोडीन जास्त, मॉर्फीन त्याहून कमी, ६-मोनोअॅसिटिलमॉर्फीन नाही. कोडीन घेतल्याचं हे नेहमीचं चित्र. रिफाम्पिसिनचा ह्यात हात नव्हता. म्हणजे पट्टी खोटी नव्हती, तिच्यावरून काढलेला अर्थ खोटा होता.

सिरप बंद केलं, खोकल्याचं वेगळं बघतो. टीबीची औषधं, सिरपची माहिती आणि खात्रीचा रिपोर्ट जोडून मेडिकल ऑफिसरला पत्र लिहिलं, पोराची लेखी संमती घेऊन. त्यांचं उत्तर आलं नाही अजून. बापाला समोर बसवून सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, पण गावात जे पसरायचं ते पसरलंय, आणि ते निस्तरायला एलसी-एमएस पुरत नाही. आता मी आमच्या भागातल्या लॅबला विनंती करणार आहे की रिपोर्टखाली किटचं नाव, कटऑफ आणि ‘ही प्राथमिक चाचणी आहे, खात्रीच्या तपासणीशिवाय निदान करू नये’ हे ठळक छापा.

सेफ्टी_कुपवाड
डॉक्टर, पत्राचा नमुना नाव-गाव काढून इथं टाकाल का? आमच्याकडच्या एचआरला दाखवतो. अशा पोरांसाठी दुसरी संधी लेखी नियमातच असायला हवी.

मिरजेचा_लॅबवाला
आमच्या रिपोर्टवर ती ओळ उद्यापासून.

औषधी_काका
आणि उरलेलं औषध भावकीत वाटू नका रे बाबांनो!

चिंतेत_आई_सांगली
मी बोलले मुलाशी. तुम्ही सांगितलंत तसं, ड्रगचं नाव न काढता. आधी चिडला, उठून गेला. रात्री स्वतः येऊन बसला. एमडी नाही म्हणतो, जिममध्ये कुणीतरी दिलेलं बीपीचं इंजेक्शन म्हणतो. खरं-खोटं मला कळत नाही. डॉक्टरकडं यायला तयार आहे, पण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करणार असाल तर नाही म्हणतो. कुठं जाऊ?

मनोविकार_सातारा
ताई, तो स्वतः येऊन बसला हे फार मोठं काम झालंय. लगेच दाखल करायची गरज बहुतेकांना नसते, हे त्याला माझ्या वतीनं सांगा. सांगलीत सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. साताऱ्याकडं यायचं झालं तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. बोलायला कुणी हवं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन, फुकट आहे.

जाताना इंजेक्शनची रिकामी बाटली घरात असेल तर सोबत न्या, लेबलवरून जे कळेल ते कुठल्याही पट्टीपेक्षा पक्कं असेल. बीपी आणि ईसीजी आधी करून घ्यायला सांगा. सुई कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी ह्यांची रक्ततपासणी, त्याची संमती घेऊन. छातीत दुखलं, भास वाढले किंवा जीव द्यायचं काही बोलला तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.

सिव्हिलची_कॅज्युअल्टी
या आठवड्यात रात्री मीच आहे, ताई. केव्हाही या.